गावचा ग्रुप फुटला, आता बातमीचा धनी शोधा

गोदाकाठच्या एका गावातल्या शिक्षकांनी विचारलं आहे: २०१७ मध्ये त्यांनी गावाचा व्हॉट्सअॅप ग्रुप काढला. टँकर कधी येणार, लाईट कुठल्या पाळीत आहे, कुणाची शेळी हरवली, कुणाची मयत किती वाजता, असं सगळं त्यावर यायचं. २०२४ च्या लोकसभेनंतर ग्रुप फुटला. आता जातवार दोन ग्रुप आहेत आणि जुन्यावर नुसती ‘शुभ सकाळ’ची फुलं येतात. गुरुजींचा सवाल असा की, हे सोशल मीडिया पहिल्यापासून असंच होतं का मधेच काही बिघडलं, आणि आता काही करता येईल का?

गुरुजी, मी २००१ साली अंबाजोगाईत नेट कॅफे काढला. पुढं त्याच गाळ्यात संगणकाचे वर्ग, झेरॉक्स, ऑनलाईन फॉर्म, सगळं झालं. गेली सात-आठ वर्षं शाळांत आणि ग्रामपंचायतींत मोबाईलवरच्या खोट्या मजकुराबद्दल बोलायला जातो. त्यामुळं हे सगळं मी काउंटरच्या अलीकडून बघितलेलं आहे.

शेतात मोकाट जनावर शिरलं की आपल्याकडं पहिला सवाल असतो, ‘याचा धनी कोण?’ धनी सापडला की नुकसानीचं बोलता येतं, भांडता येतं, मिटवताही येतं. धनी सापडला नाही तर जनावर कोंडवाड्यात जातं आणि सगळं गाव एकमेकांकडं संशयानं बघतं. बातमीचंही तसंच आहे. सोशल मीडियाच्या पहिल्या काळात प्रत्येक शब्दाला धनी होता. तो टप्प्याटप्प्यानं काढून टाकला गेला. तुमचा ग्रुप निवडणुकीनं फुटला हे खरं, पण फुटण्याजोगा तो आधीच झाला होता.

मोबाईल यायच्या आधी अफवा नव्हत्या असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध पितो ही बातमी एका दिवसात देशभर गेली, तेव्हा कुणाच्या खिशात फोन होता? घरोघर पोस्टकार्डं यायची, ‘हे वाचून अकरा जणांना लिहा, नाहीतर अनिष्ट होईल.’ आमच्या आईनं एकदा अशी अकरा कार्डं लिहायला घेतली. चौथ्या कार्डाला हात दुखला, आणि वडिलांनी विचारलं की कार्डांचे पैसे कोण देणार. तिथंच ते थांबलं. पुढं पाठवायला हात दुखायचा, पैसा जायचा, आणि कार्डावर तुमचं अक्षर असायचं. ओळखीचा माणूस अक्षरावरून सांगायचा, ‘हे कुणाचं काम आहे ते.’ पुढची वीस वर्षं या तिन्ही गोष्टी एकेक करून गळत गेल्या.

माझ्या कॅफेत सुरुवातीला लोक यायचे ते बारावीचा निकाल बघायला आणि परदेशातल्या भाच्याला मेल करायला. डायल-अपचा तो किरकिर आवाज, तासाचे तीस रुपये. मराठी लिहायची म्हणजे रोमन अक्षरात, कारण श्रीलिपी किंवा शिवाजी फॉन्टमधलं लिखाण तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडलं की भलतीच रोमन अक्षरं आणि चिन्हं दिसत. आपल्या माणसांनी मात्र वाट काढली होती. मायबोली हे मराठी संकेतस्थळ १९९६ पासून चालू होतं, मराठी विकिपीडिया २००३ साली सुरू झाला. युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांना सारखी कळणारी अक्षरांची पद्धत, रुळली तसा हा प्रश्न संपला. भाषेच्या दृष्टीनं हे फार मोठं काम झालं आणि त्याचं श्रेय कुणी पुरेसं देत नाही. आज परळीतला रिक्षावाला देवनागरीत टाईप करतो, ते त्या पायावर.

फेसबुकच्या आधी आपल्याकडं गाजलेलं ऑर्कुट २००४ च्या जानेवारीत निघालं. गूगलमधल्या ऑर्कुट ब्युककोकटेन या इंजिनिअरच्या नावावरून त्याचं नाव पडलं. आमच्याकडं ते पोचलं २००६ च्या सुमारास, मेडिकल कॉलेजच्या पोरांबरोबर. त्याची ठेवण नीट बघा, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथं आहे. ऑर्कुटवर दुसऱ्याच्या पानावर ‘जावं’ लागायचं. तिथं स्क्रॅप, म्हणजे निरोप, लिहिला की तुमचं नाव, तुमचा फोटो त्याला चिकटलेला. आपल्या पानावर कोण डोकावून गेलं हेही दिसायचं. एखाद्याच्या ओसरीवर जाऊन बोलण्यासारखंच होतं ते. भांडणं तिथंही व्हायची, कम्युनिटीत तर रोज. पण भांडणारे दोघं कोण हे सगळ्यांना ठाऊक असायचं, आणि तासाचे पैसे संपले की दोघंही घरी जायचे.

मग फेसबुकनं सप्टेंबर २००६ मध्ये न्यूज फीड आणलं. आता कुणाच्या ओसरीवर जायचं कारण उरलं नाही, सगळ्यांचं सगळं तुमच्या दारात येऊन पडू लागलं. तेव्हा लाखो लोकांनी त्याला विरोध केला होता, आज कुणाला आठवतही नाही. फेब्रुवारी २००९ मध्ये लाईकचं बटण आलं. त्याच वर्षी ट्विटरनं रिट्विटचं बटण दिलं. आधी दुसऱ्याचं म्हणणं पुढं द्यायचं तर ते स्वतः टाईप करावं किंवा उचलून चिकटवावं लागे, म्हणजे निदान एकदा वाचावं लागे. बटण आल्यावर वाचायचीही गरज संपली. ते बटण बनवणाऱ्या चमूचा प्रमुख ख्रिस वेदरेल दहा वर्षांनी म्हणाला की, आपण चार वर्षांच्या पोराच्या हातात भरलेली बंदूक दिली असावी. मला या सगळ्या इतिहासात तो क्षण सगळ्यात मोठा वाटतो. पोस्टकार्ड लिहिताना दुखणारा हात तिथं दुखायचा थांबला.

कंपन्यांचा पैसा जाहिरातीतून येतो, आणि जाहिरात दाखवायची तर माणूस पडद्यासमोर बसून राहिला पाहिजे. म्हणून ज्यावर लोक जास्त प्रतिक्रिया देतात ते वर दाखवायचं, हे गणित बसवलं गेलं. २०१७ पासून फेसबुकच्या त्या गणितात साध्या लाईकला जेवढं वजन होतं, त्याच्या पाचपट वजन लाईकशेजारी असणाऱ्या रागाच्या चेहऱ्यासह इतर चेहऱ्यांना (इमोजींना) होतं. कंपनीच्या माजी कर्मचारी फ्रान्सिस हॉगेन यांनी बाहेर आणलेली कागदपत्रं २०२१ मध्ये छापून आली तेव्हा हे जगाला कळलं. रागाच्या चेहऱ्याचं वजन २०२० मध्ये शून्यावर आणलं होतं, पण तोवर तीन वर्षं गेली होती.

इथं एक गल्लत नेहमी होते. लोक व्हॉट्सअॅपच्या बाबतीतही ‘अल्गोरिदम’ला दोष देतात. व्हॉट्सअॅपच्या गप्पांत असं वर-खाली लावणारं गणित नाही. तिथं मेसेज पुढं ढकलणारं इंजिन म्हणजे आपला अंगठा. राग भडकवणारा व्हिडिओ यूट्यूबवर किंवा रील्समध्ये गणितामुळं वर येतो आणि तिथून गावच्या ग्रुपवर माणसाच्या हातानं येतो. दोन्ही ठिकाणचे उपाय त्यामुळं वेगळे आहेत, आणि गावच्या ग्रुपवरचा उपाय अजून तुमच्या हातात आहे.

मराठवाड्याचं एक दुःख मात्र वेगळं आहे. पुण्या-मुंबईच्या माणसाला दहा-पंधरा वर्षं मिळाली. त्यानं ईमेलमधली फसवी पत्रं बघितली, ऑर्कुटवर भांडून घेतलं, फेसबुकवर तोंड पोळून घेतलं, मग व्हॉट्सअॅप हातात घेतलं. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं आणि आपल्याकडच्या कितीतरी घरांत पुढच्या सहा महिन्यांत फुकट डेटासकट सगळंच एकदम आलं. त्याआधी एक जीबीला दोन-अडीचशे रुपये मोजणारा माणूस दिवसाला जीबी वापरू लागला. आयुष्यातलं पहिलं इंटरनेट म्हणजेच व्हॉट्सअॅप, अशी माणसं माझ्या वर्गात समोर बसतात. त्यांना मी अडाणी म्हणू देत नाही. ज्यानं पोहणं शिकायच्या आधी पुराचं पाणी बघितलं त्याला दोष कसा द्यायचा?

त्याच वर्षी फेब्रुवारीत व्हॉट्सअॅपच्या ग्रुपची मर्यादा शंभरावरून २५६ झाली होती. २०२२ मध्ये ती ५१२ आणि मग १०२४ वर गेली. पारावर एका वेळी पंधरा-वीस माणसं बसतात, आणि चुकीचं बोललं तर लगेच कुणीतरी ‘गप रे’ म्हणतं. अडीचशे माणसांच्या पारावर ‘गप’ म्हणायची हिंमत कुणाची होणार?

आता २०१८ सांगतो, कारण धनी नसलेली बातमी काय करते हे तेव्हा मी जवळून बघितलं. मुलं पळवणारी टोळी आली आहे, असा व्हिडिओ सगळीकडं फिरत होता. मोटारसायकलवरचे दोघं खेळणाऱ्या पोराला उचलतात, एवढंच त्यात होतं. मुळात तो कराचीतल्या एका संस्थेनं पालकांना सावध करायला बनवलेला होता. शेवटी पोराला परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात, तो भाग कुणीतरी कापून टाकला होता. कुणी कापला हे माझ्या तरी ऐकण्यात नाही. १ जुलै २०१८ ला, रविवारच्या बाजारादिवशी, धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात पाच भिक्षेकऱ्यांना मुलं पळवणारे समजून जमावानं ठार मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते, बहुतेक जण सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे.

त्या महिन्यात माझ्या दुकानात एक म्हातारा बहुरूपी आला. अंगात वेष नव्हता, साधं धोतर. बरोबर दोन पोरं आणि एक सून. चौघांच्या आधार कार्डांच्या रंगीत झेरॉक्स मोठ्या करून लॅमिनेट करायच्या होत्या, वर भोक पाडून दोरी घालायची होती, गळ्यात अडकवायला. मी पानावर नाव, पत्ता आणि फोटो सारख्या आकारात बसवत होतो. म्हातारा म्हणाला, ‘फोटो मोठा येऊ द्या, साहेब. वाचस्तोवर कोण थांबतंय?’ मी पैसे घेतले नाहीत, पण ते वाक्य घेऊन मी आजही शाळांत जातो. पिढ्यान्‌पिढ्या ज्याचं सोंग बघायला गाव जमायचं त्याला त्याच गावात गळ्यात ओळख बांधून शिरावं लागलं.

त्याच जुलैत व्हॉट्सअॅपनं फॉरवर्ड केलेल्या मेसेजवर तसा शिक्का द्यायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवायची मर्यादा घातली. जानेवारी २०१९ पासून ती जगभर लागू झाली. एप्रिल २०२० मध्ये फार वेळा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलं, तेव्हा कंपनीच्याच सांगण्यानुसार असे मेसेज ७० टक्क्यांनी कमी झाले. अंगठ्याला थोडा त्रास दिला की इतका फरक पडतो. आईच्या चौथ्या पोस्टकार्डाची गोष्ट तीच आहे.

खोटं जास्त वेगानं का पळतं, याचा मोठा अभ्यास अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात छापला. ट्विटरवरच्या २००६ ते २०१७ या काळातल्या सुमारे १,२६,००० बातम्या त्यांनी तपासल्या. खरी बातमी १,५०० माणसांपर्यंत पोचायला खोट्या बातमीच्या सहापट वेळ लागत होता. आणि आपोआप ट्विट करणारी यंत्रं (बॉट) वगळून पाहिलं तरी फरक तसाच राहिला, म्हणजे पळवणारी माणसंच होती. खोट्यात नवल जास्त असतं, असं त्यांचं निरीक्षण होतं. माझा अनुभव थोडा वेगळा आहे. आपल्याकडं लोक नवलापेक्षा काळजीपोटी जास्त पाठवतात.

१० जुलै २०२४ चं उदाहरण घ्या. सकाळी सव्वासातच्या सुमारास हिंगोली जिल्ह्यात कळमनुरी तालुक्यात केंद्र असलेला ४.५ रिश्टरचा धक्का बसला. नांदेड-परभणीपर्यंत भांडी वाजली. आपल्या भागात ज्यांना ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट आठवते त्यांना भूकंप हा शब्द नुसता ऐकला तरी घाम फुटतो. गणेश विसर्जनानंतर माणसं दमून झोपलेली, तीन छप्पन्नला जमीन हलली आणि हजारो माणसं दगड-मातीच्या घरांखाली गेली. त्यामुळं हिंगोलीच्या धक्क्यानंतर तासाभरात ‘आज रात्री मोठा धक्का, नासाचा इशारा’ असा मेसेज आला तेव्हा परभणीतल्या माझ्या आत्यानं अंथरुणं अंगणात काढली, भर पावसाळ्यात.

मी तिला फोन केला. भूकंपाची वेळ आधी सांगता येईल असं तंत्र जगात कुणाकडंच नाही, हे समजावलं. मग एक उद्योग केला. तिला कुणी पाठवला ते विचारलं, त्याला फोन लावला, त्याला कुणी पाठवला ते विचारलं. असं सहा माणसं मागं गेलो. मेडिकलवाला, एक ग्रामसेवक, कुणाची तरी वहिनी, पूर्णेचे एक निवृत्त रेल्वे कर्मचारी. सहाही जण चांगले, मला नाव-गाव विचारून चहाला या म्हणणारे. सगळ्यांचं उत्तर एकच, ‘खरं-खोटं माहीत नाही, पण आपल्या माणसांना कळावं म्हणून टाकलं.’ सहाव्यानं सांगितलं की ग्रुपवर होतं, कुणाचं ते आठवत नाही. तिथं माग संपला. सहा जणांपैकी कुणीही खोटं बोललं नव्हतं. प्रत्येकानं मायेनं पाठवलं होतं, आणि तरी एक सत्तरीची बाई पावसात अंगणात बसली होती.

गुरुजी, तुमच्या ग्रुपवर निवडणुकीत जे फिरलं असेल त्यातलं बरंचसं असंच आलेलं असणार. कुठल्यातरी दूरच्या गावचा कापलेला व्हिडिओ, कुणाच्या तरी तोंडी घातलेलं वाक्य. ते टाकणारा तुमच्या गावातला होता म्हणून लोकांनी त्यालाच धनी धरलं, आणि त्याच्या जातीला धरलं. तो स्वतः मात्र समजत होता की मी नुसतं पुढं दिलं.

याच फोननं दुसरं कामही केलं आहे. ९ ऑगस्ट २०१६ ला औरंगाबादेत पहिला मराठा क्रांती मूक मोर्चा निघाला, तेव्हा घोषणा द्यायच्या नाहीत, अॅम्ब्युलन्सला वाट द्यायची, मागं कचरा ठेवायचा नाही, या सूचना मोबाईलवरूनच फिरल्या. आमच्या ओळखीच्या गावांत तो मेसेज कुणीतरी जाणता माणूस लोकांना बसवून वाचून दाखवत होता, म्हणजे त्याला धनी होता. ऊसतोडीला कोल्हापूर-कर्नाटकात गेलेली आई रात्री मुक्कामाच्या झोपडीतून, कोप्यावरून, व्हिडिओ कॉलवर आजीपाशी ठेवलेल्या लेकराचं तोंड बघते. हे ज्यानं बघितलंय तो मोबाईल फेकून द्या असं कधी म्हणणार नाही. कपाशीवर बोंडअळी दिसली की फोटो कृषी सहायकाकडं जातो आणि दुपारपर्यंत उत्तर येतं. बचत गटांच्या बायकांचे ग्रुप तर मी मुद्दाम बघत आलो आहे. तिथं अफवा फार टिकत नाही. कारण साधं आहे, त्या दर आठवड्याला किंवा महिन्याला समोरासमोर बसतात, हप्ता मोजतात, आणि ‘तू ते काय टाकलं होतंस?’ हे तिथंच विचारतात. गावच्या मोठ्या ग्रुपात मात्र अडीचशे नंबरांत बायकांचे नंबर बोटांवर मोजण्याइतके असतात. तुमच्यातही मोजून बघा.

आता काय करायचं ते. दोन ग्रुप पुन्हा एक करायच्या भानगडीत पडू नका. ते जबरीनं जोडले की पहिल्याच आठवड्यात पुन्हा फुटतील. एक नवीन छोटा ग्रुप काढा, फक्त कामाचा. पाणी, लाईट, रेशन, शाळा आणि मयत, एवढंच त्यावर. सेटिंगमध्ये फक्त अॅडमिनना पाठवता येईल असं करा. अॅडमिन चार ठेवा, वेगवेगळ्या वस्त्यांतले, त्यात आशाताई आणि बचत गटाची एक बाई हवीच. पहिले दोन महिने ‘शुभ सकाळ’सुद्धा नको.

दुसरं, या चौघांनी एक शिस्त पाळायची: मजकूर पुढं द्यायचा तर सोबत स्वतःच्या शब्दांत एक ओळ. ‘तलाठ्यांना विचारलं, ते म्हणाले’ किंवा ‘मी स्वतः बघून आलो.’ टाईप होत नसेल तर आवाजात बोला. ओळखीचा आवाज आला की बातमीला धनी मिळतो. हे सांगितलं की अर्धे फॉरवर्ड आपोआप थांबतात, कारण लिहायला घेतल्यावर माणसाला कळतं की आपण कुणालाच विचारलेलं नाही.

कुणी खोटं टाकलं तर ग्रुपवर चारचौघांत ‘हे खोटं आहे’ असं लिहू नका. ही चूक मी स्वतः दोन वर्षं केली. माणूस चुकीसाठी भांडत नाही, इज्जतीसाठी भांडतो. त्याला एकट्याला फोन करा, त्यानंच मागं घेतलं असं होऊ द्या. फोटो संशयास्पद वाटला तर गूगल लेन्सवर टाकून जुना आहे का ते मिनिटात दिसतं. केंद्र सरकारच्या योजनांच्या नावानं फिरणाऱ्या मेसेजसाठी केंद्राच्याच माहिती कार्यालयाचं पीआयबी फॅक्ट चेक बघा, बाकीच्यांसाठी खोट्या बातम्या तपासणाऱ्या फॅक्ट क्रेसेंडोचं मराठी पान आहे. आठवी-नववीच्या पोरांना हे शिकवा. घरात मोबाईल त्यांच्याच हातात जास्त असतो, आणि आजोबा नातवाचं ऐकतात.

जुना ग्रुप कोण कोण सोडून गेलं, त्याची यादी त्याच ग्रुपच्या माहितीत खाली सापडेल. फार दिवस झाल्यानं दिसत नसेल तर तुम्हाला नावं तोंडपाठ असतीलच. त्यातली पाच-सहा घरं निवडा, दोन्ही बाजूंची. शाळा सुटल्यावर पोराच्या अभ्यासाच्या निमित्तानं जा, मोबाईल खिशात ठेवा. निवडणुकीचा विषय काढू नका, त्यांनी काढला तर ऐकून घ्या. उठताना एवढंच विचारा की टँकरची वेळ कळवायला ग्रुप काढतोय, तुमचा नंबर टाकू का. मार्चच्या आत हे करा, टँकर सुरू व्हायच्या आधी.